त्यावर काही लिहू नका

नाइट ड्यूटी संपवून आले,
पांढरे बूट अजून पायातच.
टीव्हीने विचारलं, ही डिस्क वाचता येत नाही,
फॉर्मॅट करू?
मी रिमोटवर हो दाबलं,
वॉर्डात रात्रभर ज्याला त्याला हो म्हणते, तसंच.

अकरा सेकंद लागले.
आत वीस वर्षं होती.

हवल्लीत, एका झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर शिबू बसतो.
दार उघडलं की बाहेरची पिवळी तोझ आत येते
आणि तो शर्टाच्या टोकाने मॉनिटर पुसतो.
मॉनिटरच्या कडेला कोट्टयमची एक मुलगी चिकटवलेली,
पुढचे दोन दात पडलेली.
"त्यानंतर काही कॉपी केलंत?"
नाही.
"एक फोटोसुद्धा?"
नाही रे बाबा.
"मग आहे सगळं. दारावरच्या पाट्या तेवढ्या काढल्यात,
माणसं घरातच आहेत.
फक्त त्यावर काही लिहू नका, सिस्टर."
ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी पेशंटला सांगते ना,
पाण्याचा घोटसुद्धा नको,
अगदी त्या आवाजात.

तीन दिवस मशीन चालत होतं.
मी फोन करायचे आणि विचारायचे,
काही सुधारणा?
आयसीयूच्या दाराशी मला जे विचारतात
आणि ज्याचा मला कंटाळा येतो, तेच.

निघाले चौदा हजार दोनशे सहा.
नाव एकालाही नाही, नुसते आकडे.
'शार्दूलची मुंज' नाही, 'सावर्डे गणपती' नाही,
तारीख सगळ्यांची एकच, परवाच्या गुरुवारची,
जणू सगळं त्याच दिवशी जन्मलं.
मुंजीतला बटू आहे, कमरेखाली राखाडी.
सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीत ताम्हन आहे,
निरांजन आहे, ओवाळणारे हात आहेत.
सासरे नाहीत.

आणि चार हजार एकशे नव्वदला एक क्लिप,
जी हरवलीच नव्हती.
ती मी पुसली होती. शुद्धीत. दोनदा.

भावोजींचा हँडीकॅम हलतोय.
अंगण, वाळत घातलेली आमसुलं,
कुंदाताई म्हणते, बघ रे, कोण आलंय!
साडेचार वर्षांचा शार्दूल खांबाआडून बघतो,
माझ्याकडे, हातातल्या पिशवीकडे,
परत माझ्याकडे,
आणि ताईच्या पदरात शिरत तिला सांगतो,
"आई, कुवेतची मावशी."
कुणीतरी हसतं.
नीट ऐकलं तर कळतं, मीच.
सत्तेचाळीस सेकंद.
एक ठिपकासुद्धा राखाडी नाही.

शिबूने पंचवीस दिनार घेतले.
"हे जास्तीचं निघालं," म्हणाला, "याचे लावले नाहीत,"
आणि वायर गुंडाळत राहिला.

आता रोज ड्यूटीनंतर मी नावं देत बसते.
दहा झाली की डोळे मिटतात.
या हिशेबाने चार वर्षं लागतील.
चार हजार एकशे नव्वद तसाच ठेवला होता, आकडाच.
मग एका शुक्रवारी, कपडे मशीनमध्ये टाकून,
पाठवून दिला पुण्याला.

दोन निळ्या खुणा आल्या.
मशीनचं धुणं संपलं, पिळणं संपलं.
चोवीस वर्षांच्या मुलाने सॉरी लिहिलं नाही,
हसरा चेहराही पाठवला नाही.
लिहिलं,
आई, त्या पिशवीत काय होतं गं?

चौदा हजारांत कुठेच नव्हतं ते.
बूट, मी लिहिलं.
चाललं की टाचेत लाल दिवा लागायचा.
तुला झालेच नाहीत.
मागच्या सुट्टीतल्या पायाचे घेतले होते.